साल कुणी बोलायचं

उस्मानपुऱ्यातल्या खोलीच्या गॅलरीत गुढी उभी राहिली तेव्हा ऊन अजून समोरच्या गच्चीवरच्या टाकीपाशीच रेंगाळत होतं. रत्नमालेनं सुतळीला गाठ मारली, त्या गाठीवर दुसरी मारली, आणि पहिली सुटली तर नाही ना म्हणून पुन्हा चाचपून पाहिली.

"काकी, पुरे की. गुढी काय पळून चालली का?" खाली स्टूल धरून उभी असलेली अपेक्षा म्हणाली.

"वारं हाय गं."

"पान हलंना कुठं! वारं तुझ्या पोटात सुटलंय."

जावेची ही पोर वर्षभर हिच्या हातचं खाऊन बारावीला बसली होती, त्यामुळं काकीच्या पोटातलं तिला कळायचं. पेपर संपले होते. धाकट्या आकाशचेही दहावीचे संपले आणि तो पाडव्यालाही न थांबता मामाच्या गावाला पळाला. आता जूनपासून दोघं हॉस्टेलला जाणार होती. म्हणजे खोलीचं काम संपलं; आणि खोलीचं संपलं म्हणजे रत्नमालेचंही संपलं, असं घरातले सगळे धरून चालले होते.

"बोलणार हायेस ना?" अपेक्षानं आवाज खाली आणला.

"बघू."

"बघू काय बघू? कंपनीतल्या मॅडमला सांगायचंय, खाली घरमालकीण खालाला खोलीचं सांगायचंय. आन् त्यांच्या आधी घरच्यांना."

"हळू. आत्या जाग्या हायेत."

आतल्या खाटेवर सासू बानाबाई काळा चष्मा लावून पडली होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केलेली, म्हणून यंदा पाडवा गाव सोडून शहरात आला होता. डोळे झाकले असले तरी म्हातारीचे कान मेंढरांच्या तळावरल्या कुत्र्यासारखे उभे असत.

"काय कुजबुजू लागल्या गं दोघी?"

"गुढीचं चाललंय, आत्या."

"गुढीशी कुजबुजतं का कुणी?" म्हातारी म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून गुणगुणू लागली:

*सरल्या गं सालाला, काय पदरी बांधिलं*
*चालत्या वाटंवर, किती पदरीचं सांडिलं*

रत्नमाला स्टुलावरून उतरली. ओवी जुनीच, म्हातारी जात्यावर म्हणायची ती. पण आज ती कुणीतरी नेमकी आपल्यालाच विचारतंय असं तिला वाटलं.

आज साल बोलायचं होतं.

पाडव्याची गुढी घरोघरी उभी राहते. रत्नमालेच्या सासरी, पांढऱ्यांच्या घरी, तिच्या पुढ्यात घोंगडी अंथरत, घरातला पुरुष तिच्यावर हाताचा पंजा टेकवी आणि येतं वर्ष कुठं घालवायचं ते मोठ्यानं सांगे. 'माझं साल रस्त्याला' म्हणजे मेंढरांमागं, आज ह्याच्या रानात तळ, उद्या त्याच्या. 'माझं साल घराला' म्हणजे कन्नडजवळच्या गावातलं पत्र्याचं घर आणि कोरडवाहू तुकडा. घोंगडीवर बोललेलं पुढल्या पाडव्यापर्यंत फिरत नसे. थोरला दीर भिकन एका साली तापानं फणफणला होता, पण 'रस्त्याला' बोलून बसलेला. त्याला घोड्यावर आडवं घालून तळावर नेलं होतं. ही गोष्ट घरात कौतुकानं सांगत.

बायका घोंगडीला हात लावत नसत. त्यांचं साल नवऱ्याच्या तोंडून यायचं.

गेल्या पाडव्याला तिच्या नवऱ्याच्या, शिवशंकरच्या, तोंडून आलं होतं: 'रत्नमालाचं साल पोरांपाशी.' भिकनच्या पोरांना शिकायला शहरात ठेवायचं ठरलं, त्यांना जेवायला घालायला बाईमाणूस हवं होतं, आणि रत्नमालेला मूल नव्हतं. ज्या बाईला मूल नाही तिला कुठंही ठेवता येतं, असं कुणी बोललं नाही. बोलावं लागलं नाही.

पहिल्या रात्री तिला झोप आली नव्हती. मेंढरांचा रवंथ नाही, कुत्र्यांचं भुंकणं नाही. चार भिंती अंगावर चालून आल्यासारख्या. उठून उठून ती दाराची कडी बघायची. लग्न झाल्यापासून ती दाराशिवाय झोपलेली, कडी लावायची कुठं आणि कशाला हेच तिला माहीत नव्हतं. मग कधीतरी पावसाळ्यात एका रात्री पाणी धो धो कोसळत असताना ती जागी झाली, अंथरूण चाचपून पाहिलं, कोरडं होतं. तिनं कडीकडं पाहिलं, ती लागलेली होती. आणि ती एवढ्या मोठ्यानं रडली की अपेक्षा घाबरून उठली.

पोरं क्लासला गेली की खोली खायला उठायची, म्हणून शेजारणीबरोबर ती बिडकीनकडच्या एका कंपनीत जाऊ लागली. काचेच्या बाटल्या उजेडासमोरून सरकत जायच्या, चीर गेलेली दिसली की बाजूला काढायची. आयुष्यभर ती चालली होती आणि रानं जागच्या जागी उभी होती. आता ती एका जागी उभी राहायची आणि बाटल्या चालायच्या. घरच्यांना ठाऊक होतं, पण ते त्याला वेळ घालवणं समजत. मॅडमनी तिला पाडव्यानंतर सांगायला सांगितलं होतं: राहणार असाल तर कायमचं लाइनवर घेते. घरमालकीण खालानंही कालच जिन्यात अडवलं होतं. "खोली रखते की छोडते? ईद के पैले बोल देव बाई, मेरे भांजे कू होना." तिच्या भाच्याला खोली हवी होती.

सगळ्यांना उत्तर हवं होतं आणि उत्तर रत्नमालेच्या तोंडात तयार होतं. तोंड तेवढं उघडत नव्हतं.

*

बिडकीनच्या अलीकडं एका कापूस निघालेल्या रानात मेंढरं बसवली होती. कडूबा नावाच्या भावकीतल्या माणसाला राखणीला ठेवून भिकन, त्याची बायको आशाबाई आणि शिवशंकर जीपनं आले. जिन्यात त्यांच्या आधी त्यांचा वास आला. लोकर, धूर, लेंड्या, घाम. रत्नमालेनं दार उघडलं आणि तिचे डोळे भरून आले. ह्या वासाला आपण पारखे होऊ बघतोय, हे तिला आत्ताच्या आत्ता कळलं.

"काय गं, रडू लागलीस का काय सणाच्या दिशी?" आशाबाईनं तिच्या गालाला हात लावला. हात खरखरीत होता. वर्षापूर्वी आपले होते तसे.

"कांदा चिरत हुते, आक्का."

"पुरणात कांदा घालती का शहरातली?"

भिकन हसला. शिवशंकर हसला नाही. तो दारातच उभा, चपला कुठं काढाव्यात ते न कळल्यासारखा. वाळला होता. दाढीत पांढरं आलं होतं. तिनं तांब्या पुढं केला, तो घेताना त्यानं तिच्याकडं पाहिलं आणि लगेच भिंतीकडं पाहिलं.

स्वयंपाकाच्या कोपऱ्यात दोघी जावा पुरण वाटायला बसल्या. आशाबाईला खाली बसताना भिंत धरावी लागली. रत्नमालेनं मनाशी ठरवलं होतं की आधी आक्काला सांगायचं. आक्का बाई आहे, पोरं तिचीच, वर्षभर सांभाळली त्याची जाण ठेवील. ती शब्द जुळवत होती, तेवढ्यात आशाबाईच बोलली.

"टाचा दाव बरं तुझ्या."

"कामून?"

"दाव तर."

रत्नमालेनं पाय लुगड्यात ओढून घेतले. आशाबाईनं वाकून बघितलंच.

"माय गं! एक भेग नाय. लोण्यावानी झाल्यात." मग तिनं आपलं लुगडं गुडघ्यापर्यंत सारलं. दोन्ही गुडघे सुजून कोहळ्यासारखे झाले होते. "हे बघ माझं. रातच्याला ठणकत्यात ना, तर मी दगड तापवून वर ठेवते. तुझ्या दिराला म्हनलं दवाखान्यात न्या, तर म्हनले पाडव्याला रत्नमाला येती, मंग बस घरी निवांत." तिनं पुरणाचा गोळा वरवंट्याखाली ढकलला. "त्या एका गोष्टीवर साल काढलं बघ. तू आलीस की मी सुटले."

रत्नमालेनं जुळवलेले शब्द मोडले आणि पुरणाचा दुसरा गोळा पुढं ओढला.

"पोरं लई चांगली सांभाळलीस," आशाबाई म्हणाली. "मी तुझं उपकार फेडले मात्र. तुझ्या नवऱ्याला कधी शिळी भाकर वाढली नाय."

"ठाऊक हाय, आक्का."

"वाळलाय, ते माझ्या भाकरीनं नाय. तो असाच बसून ऱ्हातो."

वेलचीचा डबा आणायच्या निमित्तानं रत्नमाला उठली. खरं तर तिला जरा वारा हवा होता. दाराजवळच्या भिंतीपाशी शिवशंकर एकटाच उभा होता. खिळ्याला कंपनीचं ओळखपत्र लटकत होतं, ते तो हातात न घेता वाकून बघत होता.

"हा तुझा फोटू?"

"व्हय."

"हसू लागलीस ह्यात."

"मॅडम म्हनल्या हसा."

"हां." थोडं थांबून तो म्हणाला, "मी कवा म्हनलोच नाय."

मग तो पुन्हा बोलला, आवाज खाली आणून, जसं आजारी मेंढरापाशी बोलत असे. "तंबू नवा घेतलाय. निळा. खाली जाड प्लास्टिक हाय, वल येत नाय आत. तुला पावसाचं लई व्हायचं ना."

"कवा घेतला?"

"दिवाळीला. अजून उलगडला नाय. म्हनलं तू आल्यावर."

लग्न झाल्यापासून ओल्या जमिनीवर झोपून तिची पाठ धरली होती, आणि ह्या माणसानं कधी विचारलं नव्हतं. आज तो निळा तंबू घेऊन उभा होता. रत्नमालेला वाटलं, आता तरी सांगावं. आत्ताच. ह्याच्याशी एकटीनं.

"आवं, मला तुम्हाला..."

"शिवा!" आतून भिकनची हाक आली. "घोंगडी टाक रे. उशीर झाला तर मेंढरं कडूबाच्या डोक्यावर बसतीन."

शिवशंकर आत गेला. अपेक्षा स्वयंपाकाच्या कोपऱ्यातून भुवया उडवून विचारत होती: सांगितलं का? रत्नमालेनं मान हलवली. नाही.

*

गुढीच्या समोर, गॅलरीच्या उंबऱ्याशी काळी घोंगडी पसरली. बानाबाईला खाटेवर उठवून बसवलं. सगळ्यांनी कडुनिंबाचं पान गुळाशी चावलं. मग भिकन मांडी घालून बसला आणि दरसाल सांगे ती गोष्ट त्यानं घसा खाकरून सुरू केली.

"आमचा आज्जा दुसऱ्याच्या शेतात सालगडी हुता. पाडवा आला की मालक वसरीवर बसून म्हनायचा, तुझं साल माझ्याकडं. आज्ज्यानं मान हलवायची. मंग आमचा बाप रामकिसन, त्यानं चार मेंढ्या केल्या. पाडव्याला मालकाचं बलावणं आलं तर बाप गेला नाय. घोंगडीवर हात टेकला आन् म्हनला, माझं साल आता मी बोलनार. तवापासून..."

"आन् आपल्या आज्जीचं?" अपेक्षानं मधेच विचारलं.

"आज्जीचं काय?"

"आज्जीचं साल कोण बोललं?"

"बापानंच बोललं. आनखी कोण बोलंल?"

"बरं," अपेक्षा म्हणाली आणि छताकडं पाहू लागली.

खाटेवरून बानाबाई खाकरली. तिचं खाकरणं होकाराचं की नकाराचं ते काळ्या चष्म्यामुळं कळलं नाही. भिकननं पोरीकडं डोळे वटारले, गोष्ट तशीच अर्धी सोडली आणि पंजा घोंगडीवर टेकवला.

"माझं साल रस्त्याला," तो म्हणाला. आणि जीप खाली उभी होती म्हणून असेल, पोरीच्या बोलण्यानं चिडला म्हणून असेल, तो थांबलाच नाही. "आशाचं साल घराला. गुडघे गेले तिचे. रत्नमालाचं साल रस्त्याला, खोली सोडून द्यायची. झालं. शिवा, तुझं बोल."

आशाबाईनं डोळे मिटले. तिच्या छातीतून एवढा लांब सुस्कारा निघाला की रत्नमालेला तो आपल्या मानेवर लागल्यासारखा वाटला.

झालं? एवढ्यात? सकाळपासून, नव्हे पावसाळ्यातल्या त्या रात्रीपासून जे ती गाठीला गाठ मारत बांधून ठेवत होती, ते एका दमात सुटलं? तिच्या कानात बाटल्या एकमेकींवर आपटल्यासारखा आवाज येत होता. तिनं अपेक्षाकडं पाहिलं. पोरगी पांढरी पडली होती.

"भिकन," बानाबाईचा आवाज आला. "तुझा हात किती जणींचा रं?"

"म्हंजी?"

"आशाचा तुझा. रत्नीचा तुझा नाय. ते शिवानं बोलायचं."

"एकच की गं माय. भावाभावांत काय..."

"एकच कसं? त्याला भूक लागली तर तू जेवशील का?"

भिकननं हात झटकला. "बरं बाबा. शिवा, तू बोल. तेच बोलायचंय, तुझ्या तोंडानं बोल."

म्हातारीनं वेळ काढून दिला होता, बाजू घेतली नव्हती. रत्नमालेला ते कळलं. बानाबाईला तळावर एक बाई हवीच होती. फक्त रीत मोडलेली चालत नव्हती.

शिवशंकर पुढं सरकला. त्याचा हात घोंगडीवर गेला. नखांत लोकरीचं तेल साचून काळं झालेलं. तो हात तिला पाठ होता. तो आता 'रत्नमालाचं' म्हणेल, मग एक श्वास घेईल, मग निळा तंबू उलगडेल. त्याच्यावर रागावताही येत नव्हतं.

"रत्नमालाचं..." तो म्हणाला आणि श्वास घ्यायला थांबला.

ती कधी पुढं झाली ते तिला कळलंच नाही. पुरणाचा हात तसाच होता. तो घोंगडीवर टेकला तेव्हा काळ्या लोकरीला पिवळं लागलं.

"माझं मी बोलते."

"आगं, हात काढ!" भिकन ओरडला. "बाईमाणसाचा..."

"माझं साल ह्या खोलीला," रत्नमाला म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही, एवढा बारीक होता.

खालच्या गल्लीतून भाजीवाल्याची आरोळी गेली.

"खोलीला?" भिकननं विचारलं. तो खरंच बुचकळ्यात पडला होता. "पोरं तर चालली. खोलीत हाय कोण?"

"मी हाय की."

भिकननं खोलीभर नजर फिरवली, जणू अजून कुणीतरी सापडेल. शिवशंकरनं मान खाली घातली होती. मग आशाबाई बोलली, आणि तिचा आवाज फाटला.

"आन् मी? मी कोण हाय?"

"आक्का..."

"आक्का म्हनू नको मला! वर्षभर तुझ्या नवऱ्याला भाकरी घातल्या. पावसात चूल पेटंना तर पदरानं वारा घातला. का, तर रत्नी येईल, रत्नी येईल. आन् तू इथं टाचा मऊ करत बसलीस! आता पुन्हा मीच ना? हे गुडघे घेऊन मीच ना?"

ते गुडघे रत्नमालेनं डोळ्यांनी पाहिले होते. आपल्या दाराला कडी लागायची तर कुणाच्या तरी अंगावर उघडं आभाळ येणार, हे तिला सकाळीही ठाऊक होतं. म्हणूनच तर गाठ पुन्हा पुन्हा चाचपावी लागत होती. घोंगडीवरचा हात तिला जड झाला. उचलून घ्यावा असं एकदा वाटलंही.

"बास," भिकन म्हणाला. "ही येत नाय तर नाय. जबरदस्तीनं बाई नेली तर भाकरीत मीठ नसतं. आशा, तूच चल. एक साल आनखी काढ."

आशाबाईनं तोंडाला पदर लावला. आणि तेव्हा, तिच्या त्या पदराकडं बघताना, रत्नमालेला एकदम आठवलं की मघाशी भिकन काय बोलला.

"आक्काला नेता यायचं नाय, दादा."

"का?"

"आक्काचं साल घराला बोललात तुम्ही. हात टेकून."

"मंग? तवा मला काय ठाऊक, तू..."

"बोललेलं फिरत नाय."

भिकनचं तोंड उघडं राहिलं. त्यानं आईकडं पाहिलं, म्हातारी काहीतरी सुटका करील म्हणून. घरात दोन बाया, दोघी तळाबाहेर. रामकिसनच्या वेळेपासून असं झालं नव्हतं. बानाबाईची बोटं मांडीवर काहीतरी मोजल्यासारखी हलत होती.

"तुला तर तापात नेलं हुतं घोड्यावर घालून," शेवटी ती म्हणाली. "तवा फिरलं नाय. आता कसं फिरंल?"

"मंग भाकरी कोण थापनार? मेंढरं?"

अपेक्षाला हसू फुटलं. नको त्या वेळी, नको तेवढं. भिकनचा हात उगारला गेला, हवेत थांबला, आणि तो तसाच उठून गॅलरीत गुढीपाशी पाठ करून उभा राहिला. कडुनिंबाची डहाळी त्याच्या खांद्याला लागत होती, ती त्यानं बाजूलाही केली नाही.

"शिवा," बानाबाई म्हणाली. "तुझं राहिलं."

सगळ्यांना विसर पडला होता. शिवशंकरचं साल अजून बोलायचंच होतं. तो 'घराला' म्हणाला तर मेंढरं विकायची वेळ. तो 'खोलीला' म्हणाला तर भाऊ जन्माचा तुटला. आणि 'रस्त्याला' म्हणाला तर... रत्नमाला त्याच्या ओठांकडं बघत राहिली. तो तिच्या हाताकडं बघत होता, घोंगडीवरच्या पिवळ्या पंजाकडं. त्याच्या शेजारी त्यानं आपला हात ठेवला. मधे बोटभर जागा सोडून.

"माझं साल रस्त्याला," तो म्हणाला. मग उठला, चपला हातात घेतल्या आणि जिना उतरून गेला.

*

जेवणं झाली ती वाटी-चमच्यांच्या आवाजात. भिकननं पुरणपोळी खाल्ली, तूप मागितलं नाही. आशाबाई खाली मान घालून जेवली. बानाबाईनं मात्र दोन घास जास्त मागून घेतले आणि कुणी का जेवत नाही म्हणून विचारलंही.

शिवशंकर आला नव्हता. रत्नमालेनं त्याचं ताट झाकून ठेवलं. गॅलरीतून दोनदा वाकून पाहिलं. जीप खालीच होती, म्हणजे तळावर गेला नव्हता. मग कुठं गेला? ह्या शहरात त्याला रस्ता ओलांडता येत नाही. तिलाही पहिल्या महिन्यात येत नव्हता. दुभाजकापाशी ती रिक्षांच्या भीतीनं अर्धा तास उभी राहिली होती, तेव्हा कुणी म्हातारीनं हात धरून नेलं होतं. त्याचा हात कोण धरणार?

आता कुठं तिला आपण काय बोललो ते कळत होतं. पोरं गेल्यावर खोलीत ताट एकच लागणार. सण आला की दार आतून लावून ती एकटीच बसणार. आजारी पडली तर खालाला हाक मारायची. बोलायचं होतं ते बोलून झालं, पण ते साल अख्खंच्या अख्खं पुढं उभं होतं, आणि त्याला नवऱ्याच्या खांद्याचा टेकू नव्हता. हे आपल्याला पेलेल?

रत्नमाला भांडी घासत होती तेव्हा आशाबाई शेजारी येऊन उभी राहिली. बसली नाही, बसणं नको होतं तिला.

"गावात असं सांगू नको की मी घर मागितलं."

"नाय सांगत."

"तू अडवलंस म्हनून ऱ्हायले, असं सांग. तुझ्या नावानं बोलतीन लोकं. बोलू दे."

"बोलू दे, आक्का."

आशाबाईनं घासलेलं ताट हातात घेतलं, पदरानं पुसलं. पुसून झालं तरी पुसत राहिली. "मघाशी म्हनले ते मनात धरू नको."

"खरंच हुतं की ते."

"व्हय, खरं हुतं," आशाबाई म्हणाली. "तरी धरू नको."

जिन्यात पावलं वाजली. रत्नमाला ओल्या हातानं तशीच उठली. शिवशंकर दारात होता, अजून चपला हातातच. पायाला रस्त्याची धूळ. अनवाणीच फिरून आला होता. झाकलेल्या ताटाकडं त्यानं पाहिलं नाही, भावाकडंही नाही. सरळ स्वयंपाकाच्या कोपऱ्यात आला आणि परातीपुढं उकिडवा बसला.

"ज्वारीचं पीठ हाय का?"

"हाय की. पण पोळ्या ठेवल्यात तुमच्या..."

"पीठ काढ."

तिनं डबा काढला. परातीत पीठ ओतलं. भिकन गॅलरीतून आत डोकावला, बघितलं आणि पुन्हा बाहेर तोंड करून उभा राहिला.

"पानी गार का ऊन?" शिवशंकरनं विचारलं.

"ऊन. कढत घालायचं, मंग चिरा जात नायत."

"किती?"

"थोडं थोडं. पीठ सांगतं."

त्यानं पाणी ओतलं, जास्तच ओतलं. पुन्हा पीठ घेतलं. मेंढीचं अडलेलं पिलू सहज मोकळं करणारे ते हात पिठात आंधळ्यासारखे चाचपडत होते. त्यानं गोळा केला, परातीत ठेवला आणि थापायला लागला. तो खूप जोरात थापत होता, जणू कुणाची पाठ बडवतोय. भाकरी एका बाजूला पातळ, एका बाजूला जाड झाली. मग कडेनं फाटली. ती उचलायला गेला तर मधोमध दुभंगून अर्धी हातात आली, अर्धी परातीत राहिली.

आशाबाईचा हात सवयीनं पुढं आला होता. रत्नमालेनं तो धरून मागं घेतला.

"मोडली," शिवशंकर म्हणाला. त्यानं वर पाहिलं नाही. त्याच्या कपाळावर घाम होता.

तिच्या बोटांना पीठ दिसत होतं. दोनच थापा, आणि भाकरी गोल झाली असती, आणि मग पुढलीही तिनंच केली असती.

"पुन्हा मळा," रत्नमाला म्हणाली, आणि आपले दोन्ही हात मांडीखाली दाबून त्याच्यासमोर बसून राहिली.